देठावरचा पेला

हिवाळा होता, आणि धुकं असं बसलं होतं की टाकीवाल्यांना आपल्याच हातातल्या दाताळ्याचं टोक दिसत नव्हतं. अख्खं शहर गारठलेलं. शहराचं सांडपाणी मात्र मजेत होतं. घराघरांतून आंघोळीची ऊब घेऊन ते यायचं आणि चार मोठ्या टाक्यांत वाफा सोडत, सासरी आलेल्या जावयासारखं पसरायचं.

टाकीवाल्यांचा दिवस जाळीपासून सुरू व्हायचा. पाणी आत शिरतं तिथं लोखंडी गजांची उभी जाळी होती, आणि विरघळायला नकार देणारं सगळं तिथं अडकायचं: केस, चिंध्या, बाटल्यांची बुचं, लहान पोरांचे मोजे, एकदा तर दातांची अख्खी कवळी. ते दाताळ्यानं ओढायचं, पाटीत भरायचं, पाटी गाड्यात उपडी करायची. तेवीस वर्षं हेच. शहरातले लोक एकमेकांना तोंडावरून ओळखत. टाकीवाले वस्त्यांना जाळीवरून ओळखत. प्रार्थनेच्या दिवशी कामावर असले, तर प्रवचन किती लांबलं तेही त्यांना प्रवाहाच्या काट्यावर कळायचं. तासभर काटा मेल्यासारखा पडून असायचा, आणि मग एकदम उसळायचा. माणसं देवासमोर काय काय आवरून बसलेली असतात, ते देवाखालोखाल टाकीवाल्यांनाच ठाऊक.

माणूस एकच, पण त्यांना नावं दोन होती. कामावर ‘टाकीवाले’ आणि प्रार्थनागृहात ‘कविराज’. ही दोन नावं एकमेकांना रस्त्यात भेटू नयेत म्हणून त्यांनी उभा जन्म आटापिटा केला होता. प्रार्थनागृहात कोणी विचारलं तर ते सांगत, ‘पाणीखात्यात असतो.’ लोकांनी आपापल्या मनानं धरण रंगवलं, धरणाच्या काठी हिरवळ रंगवली, आणि हिरवळीवर वही घेऊन बसलेला एक भला माणूस रंगवला. यांनी ते चित्र पुसलं नाही. उलट प्रार्थनेच्या दिवशी दोनदा साबण आणि एकदा लिंबू लावून आंघोळ करून ते त्या चित्रात जाऊन बसत. बसत मात्र खिडकीशेजारी.

कविता ते देवावर लिहीत. म्हणजे देवानं केलेल्या सृष्टीवर. पहिली पंधरा वर्षं त्यांनी पहाट, दव, चंद्र आणि कोकीळ यांची नुसती कत्तल उडवली. पहाटे ते जाळीवर असत. दवाशी त्यांचा संबंध घसरून पडण्यापुरता. आणि टाक्यांच्या आवारात पक्षी म्हणाल तर कावळे. पण भक्तीच्या कवितेला दव लागतंच, भाजीला मीठ लागतं तसं. बायको वही चाळून म्हणायची, “तुमचा देव नुसता फिरायला जातो हो. त्याला काही कामधंदा आहे की नाही?”

मग आठ वर्षांपूर्वी खात्यानं एक मायक्रोस्कोप पाठवला. तो आधी काही महिने खोक्यातच राहिला, कारण खोकं चहाचे पेले ठेवायला उंचीला बरं पडत होतं. शेवटी वरून एक शिकवणारा आला. त्यानं ढवळटाकीतल्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि सांगितलं, “यात देठावर बसलेले पेल्यासारखे जीव दिसतील. ते घाण खाणाऱ्या जंतूंना खातात. भरपूर दिसले तर पाणी सुधारतंय. देठावरून गळून पडले तर समजायचं, कोणीतरी वर विष सोडलंय. रोज बघायचं, मोजायचं, रजिस्टरात लिहायचं.”

शिकवणारा जेवायला गेला. तो परत आला तेव्हा टाकीवाले तसेच वाकलेले. एका थेंबात रानच्या रान उभं होतं. केसाहून बारीक देठ, त्यावर काचेचे पेले, पेल्यांच्या ओठांवर थरथरती झालर. आणि जरा कुठं चाहूल लागली की पेला मिटायचा आणि देठ मळसूत्रासारखा गुंडाळून खाली बसायचा. मग हळूच, कोणी नाही असं बघून, पुन्हा उभा. टाकीवाल्यांना वाटलं, पंधरा वर्षं आपण देवाच्या परसदारी उभे होतो आणि वही घेऊन पुढच्या दाराची बेल वाजवत होतो.

तेव्हापासून रोज जाळी झाली की तीनदा हात धुऊन ते मायक्रोस्कोपावर बसत. रजिस्टरात लिहीत, ‘पेले: थेंबात बत्तीस. पाणी ठीक.’ आणि दुसऱ्या वहीत लिहीत ती कविता. पंपवाला म्हणायचा, “एवढा वेळ तर मी लग्नाला मुलगी बघायला गेलो तेव्हाही बघत बसलो नव्हतो.”

त्यातल्याच एका कवितेनं घोळ केला. चारच ओळी होत्या:

तळाशी पाण्याच्या फुलले रान,
देठावर पेला, पेल्यात तहान;
चाहूल लागता देठही लाजे,
थेंबात एका तुझे घर साजे.

प्रार्थनागृहात ही वाचली गेली आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ती उचलून धरली. बाईंनी चाळीस वर्षं कविता शिकवल्या होत्या आणि त्यांच्या तावडीतून एकही कविता जिवंत सुटली नव्हती. त्यांनी पाऊण तास अर्थ सांगितला. पाणी म्हणजे संसार, पेला म्हणजे निर्मळ आत्मा, देठ लाजतो म्हणजे नम्रता. “जिथं मळाचा स्पर्शही नाही,” बाई डोळे मिटून म्हणाल्या, “अशा ठिकाणी कविराजांना हे दर्शन झालंय.” कविराजांनी मान खाली घातली. लोकांना तीही नम्रताच वाटली.

त्याच सुमाराला प्रार्थनागृहाची रंगरंगोटी निघाली. समोरच्या भिंतीवर एक कविता, शेजारी चित्र आणि खाली कवीचं नाव लिहायचं तिथल्या अध्यक्षांनी ठरवलं, आणि बाईंच्या आग्रहानं हीच कविता निवडली गेली.

टाकीवाल्यांना आयुष्यात एवढीच एक गोष्ट हवी होती. मूलबाळ नव्हतं, दोन वर्षांनी नोकरी संपत होती, आणि मागं राहणार होती ती तेवीस वर्षांची रजिस्टरं, ज्यांना वाळवीशिवाय वाचक नव्हता. बायकोला ते नाव त्यांच्याहून जास्त हवं होतं. तिच्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे टाकीवाल्यांच्या साडूनं, बसथांब्यावर एक बाक दिला होता आणि त्याच्या पाठीवर आपलं नाव हातभर कोरून घेतलं होतं. गेली नऊ वर्षं बायको बसची वाट उभ्यानं बघत होती. भिंतीचं ठरलं त्याच दिवशी तिनं बहिणीला कळवून टाकलं, “दोघांनी या. यांचं नाव लागतंय. बाकावर नाही, भिंतीवर.”

तर त्या धुक्याच्या सकाळी टाकीवाले पाटी उपडी करत असताना समोर एक माणूस उगवला. नाकाला रुमाल, काखेत कागदाची गुंडाळी.

“कविराज तुम्हीच ना?”

ते नाव या आवारात ऐकून टाकीवाल्यांच्या हातातली पाटी घसरली.

“कोण तुम्ही?”

“रंगारी. भिंतीचं काम माझ्याकडंच आहे. घरी गेलो होतो तुमच्या. वहिनी आधी म्हणाल्या, परगावी गेलेत. मग मी म्हटलं, चित्र अडलंय, नाव त्याच्याखालीच यायचंय. तेव्हा म्हणाल्या, नाकाच्या रेषेत सरळ जा, चुकणार नाही.”

“काय अडलंय?”

“फूल अडलंय. अध्यक्ष म्हणतात कमळ. बाई म्हणतात कमळ नाही, कमळाला पेला कोण म्हणतं, काहीतरी दुर्मीळ असणार. शेवटी म्हणाल्या, कवीलाच विचारून या.”

‘कमळ’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. तीन अक्षरांचं काम. पण तेवीस वर्षांत कोणी टाकीवाल्यांना त्यांच्या देवाचा पत्ता विचारला नव्हता, आणि माणसाची जीभ अशा वेळी त्याच्या मालकीची राहत नाही. ते म्हणाले, “हात धुऊन येतो. आत बसा.”

रंगारी मायक्रोस्कोपावर वाकला. आधी त्याला आपल्याच पापण्या दिसल्या. मग त्याच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

“हलतंय,” तो म्हणाला.

“जिवंत आहे. टेबलाला एक टिचकी मारा.”

रंगाऱ्यानं टिचकी मारली. थेंबातलं सगळं रान एका क्षणात गुंडाळून खाली बसलं.

“आयला. लाजलं की हो.”

बाईंच्या पाऊण तासात जे झालं नव्हतं ते एका टिचकीत झालं होतं.

“आणि हे पाणी कुठलं?” रंगाऱ्यानं विचारलं.

“बाहेर बघितलंत ना मघाशी? तेच.”

रंगाऱ्यानं दोन्ही हात पँटला पुसले, डोळाही पुसला. आणि पुन्हा वाकला. त्यानं तासाभरात सात कागद भरले. निघताना टाकीवाले त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले.

“फूल आहे एवढंच सांगा. कुठलं ते सांगू नका.”

“छे हो. माझ्या तोंडाला कुलूप.”

कुलूप होतं खरं. फक्त किल्ली त्यालाच लावून ठेवलेली होती.

दोन दिवस सगळं छान चाललं. भिंतीवर फिकट हिरव्या, पांढऱ्या रंगात पेल्यांचं रान उठलं. येणारा-जाणारा थांबायचा. अध्यक्षांचं कापडाचं मोठं दुकान होतं. ते म्हणाले, ही नक्षी पडद्यांवर चालेल. तिसऱ्या दिवशी बाईंना भाषणासाठी फुलाचं नाव हवं झालं. त्यांनी फुलांचं जाडजूड पुस्तक पालथं घातलं आणि मग रंगाऱ्याला विचारलं. रंगारी शिडीवर होता. त्यानं वरूनच खरं काय ते सांगून टाकलं. नंतर तो म्हणत होता, खाली उभा असतो तर नसतं सांगितलं, उंचीवर माणूस सावध राहत नाही.

संध्याकाळी टाकीवाल्यांना बोलावणं आलं. ओल्या रंगाचा वास येत होता. चार खुर्च्या मांडलेल्या; दोनांवर अध्यक्ष आणि बाई, तिसऱ्यावर बाईंची पर्स बसलेली, चौथी टाकीवाल्यांसाठी, जरा लांब. रंगारी शिडीखाली बसून ब्रश धुवायचं नाटक करत होता.

“तुम्ही पाणीखात्यात ना?” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“पाणीखात्यातच. पाणी येतं त्या बाजूला नाही, जातं त्या बाजूला.”

“हे आधी सांगायला नको?”

“विचारलं नाहीत.”

“अहो, असं कोण कोणाला विचारतं?” अध्यक्ष म्हणाले. “आणि आता हे भिंतीवर आमच्या तोंडासमोर… म्हणजे लोक डोळे मिटतील तिथं, उघडतील तिथं, हे.”

बाईंना राग वेगळाच होता. “मी पाऊण तास बोलले. ‘मळाचा स्पर्शही नाही’ असं म्हणाले मी. तुम्ही समोर बसला होतात.”

“खिडकीपाशी होतो.”

“निदान चेहऱ्यावर तरी दाखवायचं.”

“बाई, तो मळ काही मी घरून आणत नाही,” टाकीवाले म्हणाले. “तुमच्याच गल्लीतून येतो. सकाळी सव्वासातला.”

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. मग अध्यक्षांनी दुकानात गिऱ्हाईक उठून जायला लागलं की काढायचा तो आवाज काढला.

“हे बघा कविराज, झालं ते झालं. कविता चांगली आहे, लोकांच्या तोंडी बसलीय. आपण काय करू, पेल्यांच्या जागी कमळ काढू. रान तसंच राहू दे. आणि ते ‘देठही लाजे’ आहे तिथं ‘पाकळी लाजे’ करू. कमळाचा देठ कुठं लाजतो? एवढा एक शब्द. नाव तुमचंच, मोठ्या अक्षरांत. तुमच्या कामाबद्दल इथून बाहेर चकार शब्द जाणार नाही. रंगारी, ऐकलंत ना?”

“माझ्या तोंडाला कुलूप,” रंगारी म्हणाला.

एक शब्द. टाकीवाल्यांना भिंतीवरची अक्षरं दिसायला लागली. त्यांच्याखाली उभी असलेली बायको दिसली, शेजारी साडू, मान वर करून वाचणारा. तो मान वर करून वाचतोय हे तर फारच स्पष्ट दिसलं. त्यांची मान हलायला लागली होती. अर्धी हललीही.

“आणि नावाखाली एक ओळ,” बाई म्हणाल्या. “‘कवीस प्रत्यक्ष झालेल्या दर्शनावरून.’ ती हवीच. तिनं वजन येतं.”

मान तिथंच थांबली.

“तसं लिहिणार?”

“का? दर्शन झालं ना तुम्हाला?”

“झालं. पण कमळाचं नाही.”

“अहो, ते काय एवढं धरून बसायचं?”

टाकीवाले उठून उभे राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं. खुर्ची लांब होती, आणि हे बोलणं बसून पोचलं नसतं.

“बाई, जे बघितलं नाही ते बघितलं म्हणून मी आजवर लिहिलेलं नाही. मागं एकदा सगळे पेले गळून पडले. वर कोणीतरी कारखान्याचं पाणी सोडलं होतं. साहेब म्हणाले, लिहा ‘ठीक’. मी लिहिलं, ‘पेले: थेंबात एकही नाही.’ साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता भिंतीवर कसं लिहू?”

“मोठे सत्यवान,” बाई म्हणाल्या. “आणि ते कोकीळ? ते दव? पंधरा वर्षं आम्हाला ऐकवलंत. तेही बघितलं होतंत का?”

हा घाव बरोबर बसला. बाई काही उगीच मुख्याध्यापिका झाल्या नव्हत्या.

“नाही,” टाकीवाले म्हणाले. “ते सगळं खोटंच होतं. म्हणून तर त्यातलं एकही तुम्ही भिंतीसाठी निवडलं नाहीत.”

अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. बाईंनी पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग म्हणाल्या, “कवीनं एवढं हट्टी असू नये.”

“कवी म्हणून हट्ट नाही हो. कवी म्हणून माझी मान हलली होती.”

पुढच्या प्रार्थनेच्या दिवशी भिंतीचं उद्घाटन झालं. टाकीवाल्यांनी त्या दिवशी मुद्दाम काम मागून घेतलं. बायको मात्र गेली, कारण बहिणीला येऊ नका म्हणून सांगायला तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

दुपारी ते घरी आले तेव्हा ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. बाहेर जायचे कपडे अजून अंगावर तसेच.

“झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं.”

“काय काढलंय?”

“कमळ. ताटाएवढं. रंगारी माझ्याकडं बघेना.”

“आणि शब्द?”

“पाकळी लाजे.”

“आणि खाली?”

“‘एक भक्त’. त्याच्याखाली ते दर्शनाचं.” ती वळली. रडलेली नव्हती, पण रडायचं बाजूला काढून ठेवलेलं दिसत होतं. “ताई म्हणाली, कोण गं हा? मी म्हटलं, असेल कोणी.”

“साडू?”

“ते म्हणाले, कविता बरी आहे, पण नाव नाही त्या अर्थी चोरलेली असणार.”

टाकीवाल्यांना आधी राग आला. मग लक्षात आलं की साडू आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला होता.

“तुझा कमीपणा झाला,” ते म्हणाले.

“झालाच. एक मान हलवायची होती. लग्नात तर न विचारता हलवली होती तुम्ही.”

“तेव्हा खाली काही लिहून द्यायचं नव्हतं.”

ती हसली नाही, पण भांडं खाली ठेवताना आपटलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “बाई तासभर बोलल्या आज. कमळाची पाकळी कशी लाजते, किती लाजते. सगळे माना डोलवत होते. खरंच लाजते का हो?”

“मला काय माहीत. कमळ मी कुठं पाहिलंय?”

“कधीच नाही?”

“डब्यावर पाहिलंय. साबणाच्या.”

तिनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. एवढ्या वर्षांत निसर्गकवीच्या संसारात काढलेले दिवस ती मनातल्या मनात मोजत असावी. मग ती बाजूला सरकली, आणि तिच्या मागं काठोकाठ भरलेलं, तेलकट पाण्याचं बेसिन दिसलं.

“सकाळपासून तुंबलंय,” ती म्हणाली. “अख्ख्या शहराचं काढता. एकदा घरचंही बघा.”

टाकीवाल्यांनी बाह्या वर केल्या. ओट्याखाली गुडघे टेकले, हात आत घालून वाकड्या नळीचं बूच चाचपलं. ते घट्ट बसलं होतं.

“बादली दे,” ते म्हणाले, “आणि पाना कुठं ठेवलायस?”

“खिडकीत आहे. तुमच्या वहीखाली.”

“आण. आणि जरा मागं हो, पायावर येईल.”